करकोचे बसने जातात

चित्रपट एक तास अकरा मिनिटांचा.
आम्हाला लागली साडेचार वर्षं.
हिशेब सांगते, नाहीतर म्हणाल पोरखेळ:
सेकंदाला चोवीस फोटो,
दर फोटोआधी करकोच्याची मान
केसभर पुढे,
मग श्वास रोखून मागे सरायचं,
कारण माझ्या एका शिंकेनं
अख्खं कुटुंब आडवं झालं होतं.

गोष्ट म्हणाल तर एवढीच:
बाप करकोचा, आणि त्याला उंचीची भीती.
ऑगस्ट सरला, गावातले सगळे आफ्रिकेला उडाले,
हा घरट्यातून खाली डोकावतो नि म्हणतो,
"यंदा आपण बसने जाऊ."
बायको बोलत नाही. नुसती चोच वाजवते.
कशी वाजवते ते ऐकलंत की कळेल,
लग्नाला किती वर्षं झाली.
तीन पिल्लं, एक ट्रंक, बेडकांच्या लोणच्याची बरणी,
आणि पाय.
बसच्या शिटेत करकोच्याचे पाय मावत नाहीत.
तिथून पुढे सगळा चित्रपट म्हणजे
पाय कुठे ठेवायचे, हा प्रश्न.

पाय सायकलच्या आऱ्यांचे. लाल रंग इल्गवार्सने दिला.
बापही त्यानेच घडवला,
आणि आरशात न बघता हुबेहूब स्वतःसारखा:
पोक काढून उभं राहणं,
रस्ता चुकला तरी कोणाला न विचारणं.
चहाचा कप कुठेही ठेवून विसरायचा,
ते मात्र बापाला दिलं नाही, स्वतःकडेच ठेवलं.
दुसऱ्या वर्षी पैसे संपले.
इल्गवार्स आयर्लंडला गेला, अळंबीच्या शेडमध्ये कामाला.
विमानात पाऊल टाकेना. बसने गेला.
रीगा ते डब्लिन, अडीच दिवस, दोन बोटी.
तिसऱ्या दिवशी मेसेज:
"पाय कुठे ठेवायचे ते कळलं. शेजारच्या बाईच्या पिशवीवर."
तो प्रसंग आम्ही तसाच्या तसा घेतला.

आज त्सेसिसला पहिला खेळ. शनिवार, सकाळचे अकरा.
मी शेवटच्या रांगेत, कोट अंगातच.
मला आता एकही विनोद हसवत नाही;
हलवायाला पेढा दिसत नाही, खवा दिसतो.
मी हसणारे मोजते.
सीमेवरचा पोलीस पासपोर्ट उघडतो,
फोटोतली चोच दोन पानांवर पसरलेली.
इथे हसतील, अशी खात्री होती.
एक आजोबा खोकले.
पुलाचा प्रसंग, अकरा आठवडे खपून केलेला,
नेमका तेव्हा एक मुलगा उठला, "शू!" म्हणाला,
आणि त्याच्यामागे अर्धी रांग बाहेर.
पण धाकटं पिल्लू खिडकीतून पाय बाहेर काढतं
आणि त्या पायावर कोणीतरी टॉवेल वाळत घालतं,
तिथे हॉल असा फुटला
की पॉपकॉर्न सांडले तरी कोणी वाकलं नाही.
तो टॉवेल नव्हे. माझं हात पुसायचं फडकं.
एका रात्री काढायचं राहिलं,
म्हणून गोष्टीत घेतलं.

शेवटाकडे बाप एकटाच
थांब्यावर पाटी वाचतो. दोन्ही बाणांवर एकच गाव.
पहिल्या रांगेतली मुलगी, टोपीला लोकरीचा गोंडा,
मोठ्यांदा म्हणाली, "आई, कप!"
"कुठे?"
"होता. गेला."
"बघ पुढे. उगाच काहीतरी."

होता.
सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरता,
निळा, कान तुटलेला,
मैलाच्या दगडाशेजारी.
मला तो चौथ्या वर्षी दिसला होता.
पुसायला दहा मिनिटं लागली असती.

बाहेर येऊन इल्गवार्सला लिहिलं:
चांगला झालाय. पोरांना घेऊन बघ.
पोलिसाला कोणी हसलं नाही, तू म्हणाला होतास.
तुझा कप सापडला.

मग एका पायावर उभी राहून
बुटात गेलेला पॉपकॉर्न झटकला.