आवक-जावक

आठ महिने झाले. कुदळेबाई म्हणतात,
"काका, फाइल मुंबईला गेलीय."
मी मान हलवतो.
एकतीस वर्षं मुठेच्या उजव्या कालव्यावर काढली,
वरून सोडलेलं खाली पोचायला वेळ लागतो
हे मला सांगायला नको.

खडकवासल्याला गेट उचललं
की पर्वतीचा पायथा, हडपसर, लोणी, यवत,
आणि पार इंदापूरकडच्या शेपटापर्यंत किती दिवस,
ते मी झोपेत सांगेन.
वाटेत किती मुरतं तेही.
कुणाच्या मोटारी रात्री चालतात, तेही.
नावं विचारू नका.

पण कागद किती मुरतो
याचं कोष्टक आमच्या खात्यात नव्हतं.

त्रुटी एकच आहे म्हणे.
सेवापुस्तकात एक पान नाही.
ऑगस्ट चौऱ्याण्णव ते मार्च पंच्याण्णव,
पडताळणीचा शिक्का नाही,
म्हणजे निवंगुणे नावाचा इसम
त्या आठ महिन्यांत शासनाच्या सेवेत होता
याला पुरावा नाही.

फुरसुंगीच्या फाट्यावर होतो, साहेब.
रब्बीचं आवर्तन, रात्रपाळी, बॅटरीचे सेल स्वतःचे.
गेटच्या चाकात तळहात सापडला,
ससूनला सात टाके पडले. व्रण दाखवू?
नोव्हेंबरात पोरगी झाली, तेव्हाही तिथेच.
निरोप आणला तो ट्रॅक्टरवाल्याने,
तेही उसाला पाणी सोडा म्हणून आला होता
आणि जाता जाता सांगितलं.
ती पोरगी आता तिशीची आहे.
तीच माझे अर्ज भरते, चष्मा लावून,
आणि "सेवाकालावधी" या रकान्याशी थांबते.

बाकावर झगडे असायचे, ड्राफ्ट्समन.
खिशात शेंगदाणे, कानामागे पेन्सिल,
निवृत्त झाल्यावरसुद्धा.
"आपण हयात आहोत असं लिहून द्यायचं,
आणि मग तसं राहायचं," म्हणायचे,
"दुसरं काम अवघड."
आता त्यांची बायको येते.
तीच कापडी पिशवी, तोच नंबर वहीच्या कव्हरवर.
फक्त नमुना वेगळा.

तात्पुरतं मिळत होतं सहा महिने.
ते आटलं.
दुपारी फोन वाजतो, मी हात पुसत धावतो,
एक मुलगी गोड आवाजात विचारते,
"सर, कर्ज हवंय का? आपण पेन्शनर आहात ना?"
मी म्हणतो, बाई,
तेच मलाही कळायचंय.

घरी कुणी विचारत नाही हल्ली.
शैलजा फक्त बघते
मी चपला कशा काढतो ते.
मग चहात साखर किती, ते ठरतं.

जुनी खोड जात नाही.
सकाळी सहाला वही उघडतो.
तारीख. वार.
आवक : निरंक.
जावक : निरंक.
शेरा : कुदळेबाई रजेवर.
शेरा : सर्व्हर बंद.
शेरा : "पुढच्या आठवड्यात बघा."
शेरा : गव्हाणे शिपायाने ओळखलं, पाणी दिलं.

काल परतताना बस कालव्यापाशी अडकली.
खिडकीतून पाहिलं, भिंतीवरची ओल
सकाळपेक्षा चार बोटं वर.
खाली पिशव्या, निर्माल्य, एक फुटका हेल्मेट,
सगळं हळूहळू हलायला लागलेलं.
शेजारचा पोरगा मोबाइलमध्ये होता,
त्याच्या कोपराला हात लावून म्हणालो, बघ,
वर कुणीतरी गेट उचललंय.
तो म्हणाला, "अं?"

कुणी उचललं, किती वाजता, कुणासाठी,
खालच्या माणसाला कळवत नाहीत.
कधीच कळवत नव्हते.
आम्ही पाणी आल्यावर ओळखायचो.

खिशात पावती होती, तिच्या पाठीवर
वेळ तेवढी लिहून ठेवली.
चार वाजून दहा.