छत्तीसचा आकडा

मागच्या चाकाला आरे छत्तीस.
प्रत्येक आऱ्याच्या बुडाशी एक निपल,
प्रत्येक निपलच्या कडेने हवेला
पळून जायला एक वाट.
म्हणून तर आत ट्यूब असते,
सियागंजातले इकरारभाई म्हणाले,
आणि टेपचं बंडल कागदात बांधता बांधता,
"ट्यूब निकाल दोगी मॅडम, तो भरोसा किस पे?"

मी दातांच्या कवळ्या करते.
मल्हारगंजात, एकोणीस वर्षं.
फट कशी बुजवायची
हे मला शिकवायला नको.

खरं तर राग होता.
जानेवारीत चोरलच्या उतारावर बाभळीचा काटा घुसला,
ट्यूब बदलताना लिव्हरने नवीसुद्धा चिमटली
आणि मी अंधारात दगडावर बसून
पंप मारत राहिले एका भोकाला.
शेळ्या घेऊन चाललेला एक मुलगा थांबला,
बराच वेळ बघून म्हणाला, "निकल रही है."
मलाही ऐकू येत होतं.

तर गच्चीवर चाक.
टायर निघाला, ट्यूब निघाली,
चार ठिगळं, एक त्यातलं बाबांच्या हातचं.
रिमची पट्टी निघाली, खाली गंज, वाळू,
कुठल्या तरी नाल्याचा सुकलेला चिखल.
तारेचा ब्रश. पॉलिश पेपर. थिनर.
नंतर माझ्या कामाच्या बारीक चमच्याने
एकेका निपलवर मसाल्याचा थेंब,
पोकळीत भरावा तसा, कडा दाबून,
वर बुडबुडा राहू न देता.
छत्तीस रुग्ण, एकही बोलत नाही.

दीड दिवस वाळू दिलं.
मांजराला गच्चीबंदी.

टेप मात्र एकट्याने बसत नाही.
एकाने चाक फिरवायचं, एकाने ताण धरायचा.
खालच्या मजल्यावर अवधूत राहतो.
बाबांची पोलोग्राउंडवरची लेथ
त्याने मला न विचारता विकली, तेव्हापासून
जिन्यात आम्ही एकमेकांना फक्त वाट देतो.
तीन आणि सहा,
पाठीला पाठ.

बोलावलं नाही मी. कॉम्प्रेसर लावला,
तो आवाज सबंध गल्लीने ऐकला असेल.
तो आला, बनियनवर, हात न धुता.
चाक धरलं आणि फिरवायला लागला,
लेथवर बाबा फिरवायचे त्याच सावकाश चालीने,
मी टेप ताणत गेले
आणि वर बघितलं नाही.

टायर चढवला. साबणपाणी चोपडलं. हवा सोडली.
टायर फुगला, कडेकडेने सरकला, अडकला.
मग एकदम
ठाप्!
कबुतरं उडाली.
दुसरी बाजू. ठाप्!
रिमला कड बसली. अवधूतच्या ओठांवर
काहीतरी आलं, ते त्याने मिशीत पुसलं.

मग बुडबुडे शोधायचे.
मी भिंगातून बघणारी बाई, मला दिसला नाही.
त्याने बोटाला थुंकी लावली,
बाबा व्हॉल्व्हला लावायचे तशी,
आणि सतराव्या आऱ्यावर ठेवली.
"इथे."
आठ महिन्यांत तेवढंच.

पुन्हा सगळं उतरवलं. सतरावा खरवडला. पुन्हा भरला.
तो तोपर्यंत पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता,
मी चहा विचारला नाही,
त्याने मागितला नाही,
कॉम्प्रेसरची नळी मात्र गुंडाळून ठेवून गेला,
व्यवस्थित, आठाच्या आकड्यात.

रात्री अठ्ठावीस भरली होती, सकाळी सव्वीस.
इकरारभाई फोनवर म्हणाले, इतना तो चलता है.
पुढचं चाक तसंच ठेवलंय.
त्या रिमला आतून उंचवटा नाही,
हवा कमी झाली तर टायर जागा सोडेल.
तिथे ट्यूबच बरी.

रविवारी सिमरोळच्या घाटात उतरले.
मागे ट्यूब नाही, पुढे आहे.
पिशवीत पाना, दोन लिव्हर, गोंदाची नळी,
आणि ती जुनी ट्यूब, घडी घालून,
बाबांचं ठिगळ वर येईल अशी.
दगड आले. मी हँडल सैल धरलं.