पत्रकातला एक शब्द

मनामा. संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेची बैठक,
हॉटेलच्या तळमजल्यावर, एसी नको इतका.
रुग्णांसाठीचं पत्रक आता मराठीतही काढायचंय.
अध्यक्षा डॉ. बदरिया माझ्याकडे वळतात :
सकाळचा ताठरपणा, त्याला तुमच्यात काय म्हणतात?

ताठरपणा कोण म्हणतं?
मला आठवतो यासीन परकार,
दापोलीचा, गुदैबियात इस्तरी करणारा.
दोन वर्षं बाम चोळून मग आला.
'सांधे धरलेत,' म्हणाला,
'नऊपर्यंत इस्तरी धरवत नाय.
शेठला कळवू नका.'
बोटांवर जुने चटके होते,
त्यांचं त्याला काही नव्हतं.

मी शब्द सांगते. त्या टिपून घेतात अरबीत,
उजवीकडून डावीकडे,
माझं 'धरणं'.

मग कुरुविला उठतो : खाली
औषध कंपनीचं नाव नको.
खजिनदार : मग छपाई कोण देणार?
त्यावर पाऊण तास.
ताटलीतलं हमूस कडेनं सुकतं.

ठरतं एवढंच : वर्गणी वाढवायची,
नाव कुणाचंच नाही,
आणि पहिली ओळ ठळक,
'सकाळी तासभर सांधे धरत असतील
तर अंगावर काढू नका.'

निघताना आम्ही हात मिळवतो,
हलकेच, सवयीनं,
समोरच्याचाही दुखत असेल, अशा बेतानं.