सर्वसाधारण दर

दर मंगळवारी सकाळी सहाला
उमरेड रोडच्या ढोरबाजारात मी फाटकाशी बसतो,
मांडीवर छापील तक्ता,
खिशात दोन पेन, कारण थंडीत एक अडतंच.
आवक. किमान. कमाल. सर्वसाधारण.
डावीकडे जातींची नावं:
मुऱ्हा, जाफराबादी, जर्सी, होल्स्टिन,
आणि सगळ्यांत खाली, इतर.

दुपारी दोनला हे आकडे वर कळवायचे.
दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतात
सोन्याचांदीच्या खाली, चार बोटं जागेत,
आणि काटोलचा, भिवापूरचा कुणीतरी
चहाच्या टपरीवर त्यांच्यावर बोट ठेवून म्हणतो,
म्हशी चढल्या बाप्पा यंदा.

खरा भाव मला कुणी सांगत नाही.
तो ठरतो दुपट्ट्याखाली.
वर दोन चेहरे बोलत असतात
सरकीची ढेप कुठवर गेली,
तुरीच्या कुटाराला गाडी मिळते का,
आणि खाली एक करंगळी दाबली जाते
की गेले पाच हजार.
अठरा वर्षांत मी कापडाच्या सुरकुत्या वाचायला शिकलो.
कितीदा चुकलो, ते पेपरात आलेलं नाही.

सर्वसाधारण दर मी भागाकाराने काढतो.
त्या दराला विकलं गेलेलं जनावर
अजून तरी पाहिलं नाही.

पोळा होऊन तिसरा बाजार.
पर्बताबाई नेवारे एकच म्हैस घेऊन आली,
सहा कोस पायी, टेम्पोला पैसे न देता.
तिसऱ्या वेताची, कपाळावर चुन्याचा ठिपका,
शिंगं मानेवरून मागे गेलेली, चपटी, लांब,
थेट खांद्याला टेकलेली,
जणू कुणी हाक मारली आणि ती अजून वळतेच आहे.
बाईनं माझ्या तक्त्यात डोकावून विचारलं,
"कशात लिवली गा माई म्हैस?"
इतर, मी म्हटलं.
"इतर म्हंजे कोन?"
दलाल हसले. ती नाही हसली.
"नाव हाय तिले. नागपुरी.
नागपुरात बसून लिवतं, अन् नागपुरीले जागा नाही तुह्या कागदात?"

उत्तर नव्हतं. काडेपेटी होती.
तिची कड धरून मी इतरच्या वर एक रेघ ओढली,
जरा तिरकीच आली,
आणि लिहिलं, नागपुरी म्हैस.

मौद्याचा सदू रेहपाडे दुपट्टा पसरून पुढे झाला.
पर्बताबाईनं हात पदरातच ठेवला.
"साठ हजार," ती म्हणाली,
पार बैलांच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी.
असं इथे कुणी करत नाही.
कुणाच्या तरी हातातला तर्रीचा चमचा तसाच राहिला.
सदूला उघड्यावर भाव करायची सवय नव्हती,
तो आकडा बोलायचा आणि इकडे-तिकडे बघायचा,
चोरी पकडल्यासारखा.
सत्तावन्नला सुटली.
बाईनं दावं सोडून घेतलं, गुंडाळून खांद्यावर टाकलं.
जनावर देतात, दावं देत नाहीत.

आवक: एक.
किमान: सत्तावन्न हजार.
कमाल: सत्तावन्न हजार.
सर्वसाधारण. सवयीने मी भागायला घेतलं,
एकाने भागलं,
आणि पेन तिथेच टेकवून थोडा वेळ बसलो.

वरून फोन आला, ही ओळ कुठून आणली,
कॉम्प्युटर घेत नाही.
फाटकातून आली, मी म्हटलं.
पेपरात ती नव्हतीच.
इतर, आवक एकशे त्र्याण्णव,
त्यात कुठेतरी तिची सहा कोस वाट.

आज मंगळवार. पावणेसहा.
पहिला टेम्पो अजून वळणावर आहे,
दिवे दिसतात, घुंगरांचा आवाज नाही.
मी काडेपेटी काढली आहे.