खुर्दा

बसच्या मागच्या बाकावर, माझ्या आणि आईच्या मध्ये
पट्टा बांधून बसवलेली काचेची बरणी.
मुळात ती लाल मिरच्यांच्या लोणच्याची,
झाकणाला अजून व्हिनेगरचा वास.
रियेकाहून झाग्रेब अडीच तास,
बोगद्यांमागून बोगदे, मध्येच बर्फ,
आणि प्रत्येक वळणावर ती काहीतरी बोलते.

एकतीस डिसेंबरनंतर
कुना आणि लिपाची नाणी कोणीच घेणार नाही.
मोड मोडीत निघायला चार दिवस राहिलेत.
तीन वर्षं आई म्हणत होती, जाऊ, जाऊ की.
शेवटी मीच तिकिटं काढली.

बाबा, मिलिवोय, गोदीत वेल्डर.
संध्याकाळी दारातच, बूट काढायच्याही आधी
खिसा उलटा करायचे फ्रिजवरच्या बरणीत.
पाव घेऊन उरलेलं, तंबाखू घेऊन उरलेलं,
कॉफी न पिता उरलेलं.
कशावर अस्वल, कशावर मासा,
कुनावर चोच उघडलेला इवलासा पक्षी.
मी स्टुलावर चढून काचेतून अस्वलं मोजायचे.

वॉशिंग मशीनसाठी होती ती बरणी.
मशीन शेवटी हप्त्यांवर आलं.
मग माझ्या दातांच्या तारेसाठी. तार मावशीने लावून दिली.
मग छपरासाठी.
दर वेळी आई दुसरीकडून भागवायची
आणि बरणी पुसून परत जागेवर ठेवायची.
बाबा गेले, तेव्हाही
फुलांचे पैसे तिने उसनेच आणले.

काउंटरवरच्या मुलीची नखं निळी.
ती ओंजळी-ओंजळीने यंत्रात ओतते,
आकडे धावतात, धावतात,
आणि यंत्र घुसमटून थांबतं.
ती झडप उघडते, चिमटीत काहीतरी धरते.
पोलादी वॉशर.
मग आणखी एक. मग बोटांनीच चाळायला लागते.
मागची रांग उसासे टाकते.

चौऱ्याहत्तर.
प्लास्टिकच्या ताटलीतून काचेखाली परत सरकवते:
"हे चलन नाही, बाई."

मी तिथेच उभ्या उभ्या मागे मोजत जाते.
गोदीने अकरा महिने पगार दिला नव्हता,
मी तेव्हा सहावीत.
बाबा तरीही रोज कामावर.
आणि रोज संध्याकाळी दारात तोच आवाज, खळ्‌,
म्हणून मला कळलंच नाही
की घरात खडखडाट होता.

"तुला माहीत होतं?"
आई ताटलीतली एकेक चकती रुमालात घेत होती.
"नाणं कसं खणकन पडतं. हे बद्द वाजायचं.
पहिल्याच दिवशी."
"मग बोलली का नाहीस?"
ती कोटाचं वरचं बटण लावत राहिली. अडकलं होतं ते.
"म्हणून तर उघडली नाही कधी,"
इतकंच.

एकशे सत्याऐंशी युरो, अठ्ठेचाळीस सेंट.
पावतीची घडी घालून पाकिटात.
परतीच्या बसमध्ये रिकामी बरणी
मांडीवर घेऊन ती झोपली,
तोंड थोडं उघडं.

पहाटे बुरा सुटला. डोंगरावरून येतो तो वारा,
घरातल्या सैल गोष्टी शोधत.
स्वयंपाकघराची खिडकी आपटायला लागली,
बिजागरीचा बोल्ट कधीचा ढिला.
आई नाइटगाऊनवर स्वेटर चढवून उभी,
माझ्याकडे पाना मागते.
दोन वॉशर बसले, अगदी मापाचे.

बाकीचे बहात्तर तिने बरणीत परत टाकले,
वर ते अठ्ठेचाळीस सेंट,
एकेक करून,
मान जराशी कलती,
कान देऊन.