तहकूब

ग्रामपंचायतीची सतरंजी माझ्या ताब्यात असते,
शिक्क्याची डबी, घंटा आणि ठरावांचं बुकसुद्धा.
तेवीस वर्षं शिपाई आहे मी कोंडवेळचा.
अक्षर बरं, म्हणून इतिवृत्तही मीच उतरवतो.
ग्रामसेवक सांगतात, मी लिहितो.

त्या एप्रिलात सतरंजी सड्यावर नेली होती.
कातळ असा तापलेला
की कळशीतून थेंब सांडला तरी चर्र व्हायचं,
आणि त्यावर अकरा दिवस गाव आडवं.
मोजणीवाल्यांच्या पायाशी शेवंती गोताड,
तिला खेटून बंदरावरची रेहाना होडेकर,
जी कुणबीवाडीत त्याआधी फक्त मासळी घेऊन आलेली.
नाचणीची भाकरी, सुका जवळा, एकच टोपली.
लाठी पडली तेव्हा कोण कुठल्या वाडीचं
हे हवालदारालाही कळलं नसेल.
चौसष्ट जणांवर गुन्हे.
बाराव्या दिवशी खुंट्या उपटून
ट्रक आले तसे घाटाकडे गेले.

मी म्हटलं, हेच ते.
शाळेत नागरिकशास्त्राच्या वीस मार्कांसाठी
घोकलं होतं ते.

मग निवडणूक, मग दिगंबर सरपंच.
सड्यावर त्याच्याच डोक्याला सात टाके पडलेले.
पगारी माणसाने उधळू नये,
तरी उधळला मी गुलाल.

कंपनीने नाव बदललं.
दिगंबरच्या दारात एक डंपर आला, मग दुसरा.
वाईट नाही हो दिगंबर.
आजही मयताला पहिला पोचतो, तिरडीचे बांबू स्वतः तोडतो.
म्हणतो, मी नाही घेतला ठेका तर भलता कोणी घेईल,
निदान आपली पोरं तरी कामाला लागतील.
चार लागली. वॉचमन.

ग्रामसभा लावली ती नेमकी
चौसष्ट जणांची राजापूरच्या कोर्टात तारीख होती त्या दिवशी.
कोरम भरला नाही. तहकूब.
तहकूब सभेला कोरम लागत नाही,
कायद्यात आहे तसं, मी वाचलंय.
पुढच्या सभेची नोटीस दाराला लावली.
दाराच्या आतल्या बाजूला.
मीच लावली.

सात जण बसले. त्यातला एक झोपला.
चहा मी दिला.
‘सर्वानुमते’ मी लिहिलं,
रफार चांगला वळणदार काढून.

महिन्याने शेवंती आली, पायरीवर बसली.
“वाच बगू काय लिवलंस.”
वाचलं.
बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.
“ह्याच्यात मी हाय काय?”
म्हटलं, नियमाप्रमाणे आहेस.
“मंग माजा मलाच कसा ठाव नाय?”

पुढची तारीख किती, ते विचारून गेली.

पाच पावसाळे झाले.
तीनदा सोड्यात भिजवली, वहाळावर आपटून धुतली,
तरी सतरंजी झटकली की तांबडी धूळ उडते अजून.
नाकात जाते.
शिंक येते, आणि मी उगाच इकडेतिकडे बघतो
कुणी ऐकलं की काय.