टेबलाखालचा कापूस

केमी बंदरात मी बर्फ फोडतो.
म्हणजे फोडते टगबोट; मी खाली, इंजिनपाशी,
कानात बोळे, हातात पाना.
एकतीस हिवाळे झाले.
म्हणून बालकल्याण खात्याच्या बाई म्हणाल्या,
"रोज वीस मिनिटं खेळा तिच्याशी, दोघंही,"
तेव्हा रायलीनं माझ्याकडे पाहिलं
आणि मी माझ्या हातांकडे.

एका पानाची यादी दिली होती:
कापूस फुंकणे. आरसा-आरसा.
एकमेकांना घास भरवणे.
नव्या पंपाचं माहितीपुस्तक वाचावं
तशी मी ती रात्री तीनदा वाचली.
मूल टेबलाखालून बाहेरच येत नसेल
तर काय करायचं, ते कुठेच नव्हतं.

हिल्ला सहा वर्षांची. आमच्याआधी दोन घरं.
आली तेव्हा पिशवीत एक बुटांचा जोड, एक पायात.
पायातला तिनं चार दिवस काढला नाही,
झोपतानाही.

मग मीच गेलो टेबलाखाली.
गुडघे बिजागरीसारखे करकरले.
कापसाचा बोळा फरशीवर ठेवला, फुंकला.
इंजिनवाल्याची फुंकर ती!
बोळा थेट चुलीपाशी,
आणि आमच्या पोंटुसनं तो खाऊन टाकला.
कोणीतरी फिसकन हसलं.
रायली नव्हे. रायली दुकानात गेली होती.

दुसरा बोळा तिनं फुंकला,
इतका हळू, की हललाच नाही असं वाटलं.
मग दिसला एक तंतू,
माझ्या बाजूला वाकलेला.

माझी सगळी विद्या इथे उलटी.
इथे फोडायचं नसतं काही.
खरचटल्यावर घालतात तशी फुंकर घालायची
आणि पोटावर पडून राहायचं,
पलीकडून वारा येईपर्यंत.

जानेवारीत मापाचा खेळ.
ज्येष्ठमधाची काळी दोरी मिळते इथे, वाव-वावभर.
तिनं नाक मोजायचं, कान, हसू,
आणि जेवढं भरेल तेवढा तुकडा तोडून
ज्याचं माप, त्यालाच भरवायचा.
हिल्लाची मापं याआधीही पुष्कळ घेतलीत लोकांनी:
वजन, उंची, किडलेले दात, येणारे शब्द,
पाठीवरचा डाग किती सेंटिमीटर.
ती फायलीत आहेत.
ही पोटात जातात.

"तुझं नाक फार मोठं आहे," ती म्हणाली.
सात आठवड्यांत इतकं लांब वाक्य पहिलंच.
माझ्या नाकाला असा मान
माझ्या आईनंही दिला नव्हता.
तुकडा भरवताना तिनं बोट
माझ्या दातांमध्ये जरा जास्तच वेळ ठेवलं.
बघत होती, चावतो का.
लाळ सुटली, तरी तोंड मिटलं नाही मी.

रोज असं होत नाही.
मंगळवारी तिच्या आईचा फोन येतो.
त्यानंतर तिनं एकदा सगळा कापूस
मोरीत भिजवून भिंतीला चिकटवला,
आणि रायलीच्या मनगटाला चावली.
त्या दिवशीची वीस मिनिटं
आम्ही तिघं जण भिंत खरवडत होतो.
खेळात धरायची की नाही, बाईंना विचारायचं राहिलं.

आई बरी होतेय. मार्चमध्ये बैठक आहे.
चांगलंच आहे, असं मी रायलीला म्हणतो,
मग रायली मला म्हणते,
आलटूनपालटून, वल्ही मारावीत तसं.

काल रात्री हिल्ला मापाला निघाली
तिच्या पलंगापासून आमच्या दारापर्यंत,
रांगत, दोरी पसरत, पोंटुसला दटावत.
अर्ध्या वाटेत दोरी संपली.
तिथेच फरशीवर बसून म्हणाली,
"उद्या अजून आण."

आणल्यात सहा.
जाकिटाच्या खिशात आहेत, इंजिनच्या उबेनं मऊ पडलेल्या.
दुकानदार हसला, एवढं गोड कशाला या वयात?
म्हटलं, खायला नाही रे.
मोजायचंय.